लुगडे नेसून पाहिलेला चित्ता

आमच्या ह्यांना देवाने दोन गोष्टी सढळ हाताने दिल्या होत्या. काळी कसदार जमीन आणि लांब जीभ. जमिनीने आमचे घर भरले आणि जिभेने दोनदा माझ्या लेकीची सोयरीक मोडली. 'हे' म्हणजे आमचे धनी. नवऱ्याचे नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, आणि म्हातारपणी नातवाकडून अक्षरे शिकून लिहायला बसले म्हणून ती मोडावी असे मला वाटत नाही.

पहिली सोयरीक बैलामुळे मोडली. ह्यांनी मुलाच्या मामाला सांगितले की आमच्या पांढऱ्या बैलाने लांडग्याला शिंगावर घेऊन धुऱ्यापलीकडे, म्हणजे वावराच्या बांधापलीकडे, भिरकावला. मामा कौतुकाने गोठ्यात गेला, तर बैल शेजारच्या बोकडाला भिऊन गव्हाणीमागे दडलेला. दुसरी सोयरीक विहिरीने बुडवली. 'आमची विहीर कधीच आटत नाही' असे हे सांगून बसले आणि पाहुणे नेमके चैत्राच्या शेवटी आले. बादली तळाला आपटल्याचा आवाज ओसरीपर्यंत ऐकू आला. ह्यांचे बोलणे खोडसाळ नसे. आपली प्रत्येक वस्तू शेजाऱ्यापेक्षा दोन बोटे मोठी दिसावी एवढाच हौसेचा भाग. पण लोक थोडेच हौस बघतात? ते बोकडाला भिणारा बैल बघतात.

लेक मोठी झाली होती. त्या काळच्या मानाने तर जास्तच मोठी. नदीवर बाया विचारू लागल्या होत्या की काहून बाई, पोरीत काही खोट हाय का? मी म्हणायची, खोट असलीच तर तिच्या बापाच्या तोंडात आहे.

ती वर्षे कापसाची होती. साता समुद्रापलीकडे कुठेतरी भावाभावांत लढाई जुंपली होती म्हणे, आणि त्यांच्या भांडणात आमच्या पऱ्हाटीला सोन्याचे दिवस आले. अमरावतीच्या वाटेवर कापूस भरलेल्या बैलबंड्यांची रांग तुटत नसे. धूळ उडून बाभळी पांढऱ्या झाल्या होत्या. ज्यांच्या अंगावर कधी धड सदरा नव्हता ते जरीकाठी पागोटे बांधून हिंडू लागले, बैलांच्या गळ्यात चांदीची घुंगरे आली. आणि त्याबरोबर लबाडीही आली. कुणी रुईवर पाणी मारी, कुणी बोजाच्या पोटात सरकी अन् माती भरी. वरून बघावे तर दुधासारखा कापूस. त्यामुळे व्यापारी असो की सोयरा, कुणाचा कुणाच्या शब्दावर विश्वास राहिला नव्हता.

अशा दिवसांत बार्शीटाकळीकडच्या एका पाटलांचे स्थळ आले. घर खानदानी, मुलगा निर्व्यसनी, जमीन काळीभोर. पाटलीणबाईंनी माझ्या लेकीला बहिरमच्या जत्रेत दुरून पाहिले होते आणि त्यांच्या मनात ती भरली होती. पाटलांनी मात्र मुलगी पाहिलेली नव्हती. सासऱ्याने आधी मुलगी बघायची आमच्यात चाल नव्हती, घर बघायची होती. कार्तिकात ते बोलणी करायला आले. उंच, रुंद खांद्यांचे, मिशांचे आकडे कानापर्यंत, आणि डोक्यावर केवढे तरी मोठे केशरी पागोटे. बोलले की हुकूम सोडल्यासारखे वाटे. त्यांच्या घरात त्यांच्यापुढे कुणी तोंड उघडत नसेल हे त्यांच्या बायकोकडे बघूनच कळत होते. माउली आल्यापासून पदर दातात धरून बसली होती.

मी ह्यांना आदल्या दिवशी शपथ घातली होती की जमिनीशिवाय कशाबद्दल बोलू नका. हे अर्धा दिवस गप्प राहिले. जेवण झाले, पान झाले, मला वाटले गंगेत घोडे न्हाले. आणि पाटील सहज म्हणाले, "तुमच्या वावरापलीकडं माळ मोठा हाय. हरनं असतीन?"

"हरनं?" आमचे हे हसले. "हरनायचं काय घेऊन बसले पाटील! आमच्या माळावर चित्ता हरनाच्या मांगं धावते. मी सोता तीनदा पायला."

माझ्या हातातला पानाचा डबा खाली पडला.

पाटलांनी पान चावायचे थांबवले. चित्ता त्यांनी पाहिला होता, पण राजेरजवाड्यांच्या शिकाऱ्यांकडे, डोळ्यांवर झापड बांधून गाडीवर बसवलेला. रानात मोकळा चित्ता धावताना पाहिलेला माणूस त्यांना अजून भेटायचा होता. ह्यांनाही मानाने 'पाटील' म्हणत ते शांतपणे म्हणाले, "वरच्या कापसाले कोनीबी पांढरा ठेवते. मी बोजाच्या मधात हात घालून पायतो. मी हुरड्याले येतो पाटील. तुमचा चित्ता मले दाखवा. दिसला त तिथंच सुपारी फोडू. नाई दिसला त ज्याचा शब्द ओला त्याची सोयरीक आमाले नोको."

झाले. लेकीचे लग्न आता एका जनावराच्या पायांवर उभे राहिले. पाहुणे गेल्यावर मी ह्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही, नातू वाचतो. हे फक्त म्हणाले, "येईन तो. तू काळजी नोको करू." आणि दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे घोंगडी पांघरून माळावर जाऊ लागले. मला वाटले, चला, निदान ओळखीचे जनावर आहे, त्याची जायची-यायची वाट बघून ठेवत असतील.

पौषात पाटील पाटलीणबाईंना घेऊन आले. वेचणीचा ऐन भर होता. पऱ्हाटी फुटून वावरे पांढरीफेक झाली होती आणि वेचायला बाई मिळत नव्हती. साऱ्यांकडेच कापूस, मग मजूर आणायचे कुठून? म्हणून मी लेकीलाही जुने लुगडे नेसवून बायांबरोबर वावरात धाडले होते. सासरचे लोक आले म्हणून पोरीला घरात लपवून ठेवायची चैन त्या साली कुणालाच परवडत नव्हती. तिला मात्र बजावले होते की पदर पुढे ओढून घे, तोंड उघडू नको, तुझ्या बापाने उघडले तेवढे पुरे आहे.

पाहुण्यांची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, नांदगाव पेठेला रात्रीचा मुक्काम करून पहाटेच निघालेली, सूर्य कासराभर वर आला तेव्हा आमच्या शिवेवर पोचली. दव अजून वाळले नव्हते. हीच जनावरे दिसायची वेळ. हरणे हरभऱ्याकडून माळाकडे परतत असतात, रोही, म्हणजे नीलगाई, नाल्याकाठी ऊन खात उभे असतात. मी वावरातल्या राखणीच्या मचाणावर घोंगड्या अंथरून ठेवल्या होत्या, पाटलांना गुपचूप वर चढवायचे एवढेच काम होते.

आणि शिवेवर डफडे, सनई आणि शिंग एकदम वाजू लागले.

हे ह्यांनी आणवलेले. व्याही होणारा माणूस शिवेवर येतो आणि वाजंत्री नाही असे आमच्याकडे कधी झालेले नाही. चित्ता राहिला बाजूला, मान चुकला असता तर लोकांनी तोंडात शेण घातले असते, असे ह्यांचे म्हणणे. शिंगवाल्याने तर इतके जीव लावून फुंकले की नाल्यातले रोही धूळ उडवत पळाले, करकोच्यांचा थवा हरभऱ्यातून कलकलाट करत उठला, आणि माळावरची हरणे उड्या मारत पार टेकाडाआड गेली. पाटील दमणीतून उतरले तेव्हा नजर पोचेल तिथपर्यंत एक शेळी सोडून जनावर नव्हते.

"हे काय करून बसले तुमी?" मी दात-ओठ खात विचारले.

"मंग काय इवायाले मुक्यानं आनू?" हे म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र उतरला होता.

सकाळभर पाटील मचाणावर बसले. एक मुंगूस दिसले. दोन तितर दिसले. एकदा दूर काहीतरी हलले आणि हे ओरडले, "तो पाहा!" ते गावचे कुत्रे निघाले. खाली हुरड्याची आगटी पेटली होती, गोवऱ्यांचा धूर माळाकडे पसरत होता. वासाने असले-नसले तेही दूर राहिले. कोवळी कणसे भाजून हातावर चोळली, जवसाची चटणी केली, रोडगे राखेतून काढून तुपात बुडवले. पाटील पोटभर जेवले. जेवणाला नावे ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी दुसरीकडे ठेवली.

"हुरडा गोड हाय," हात धूत ते म्हणाले. "पन त्याच्यासाठी एवढा लांब आलो नोतो. बैल जुंपाले सांगा."

मला भडभडून आले. पाटलांचा राग नाही आला, त्यांचे चुकत नव्हते. मला राग आला तो त्या मचाणाचा, त्या शिंगाचा, त्या सगळ्या मर्दानी थाटाचा. दोघे पुरुष दोन पागोटी उंचावर बसवून जनावरांनी समोर येऊन मुजरा करावा अशी वाट बघत होते. आणि तेवढ्यात माझी नजर वावराकडे गेली. वेचणाऱ्या बाया ओळीने वाकून पुढे सरकत होत्या, आणि त्यांच्या पुढे, हाकेच्याही आत, हरणे परत आली होती. माना खाली घालून चरत होती.

इतकी वर्षे मी त्या वावरात कापूस वेचला होता, आणि हे मला डोळ्यांसमोर असून सुचले नव्हते. हरीण बाईला भीत नाही. वेचणारी बाई वाकलेली असते, तिच्या हातात काठी नसते, ती दगड मारत नाही, हळूहळू सरकते. पोटावर कापसाची ओटी बांधलेली, रंगीत लुगडे, खाली मान. हरणांच्या लेखी ते आपल्यासारखेच एक चरणारे जनावर. पागोटे आणि धोतर दिसले की मात्र कळप कान टवकारतो.

मी पदर सावरून पुढे झाले. पाटलांशी थेट बोलायची रीत नव्हती, म्हणून पाटलीणबाईंकडे बघून बोलले. "बाई, जनावरं पाहाची असतीन त बायायच्या ओळीत चाला. वाकून. लुगडं नेसून. मचानावरून हरीनबी नाई दिसत, चित्ता काय दिसते."

पाटील गरजले, "लुगडं नेसून? मी?"

तेव्हा पाटलीणबाईंनी दातातला पदर सोडला. कार्तिकापासून पहिल्यांदा मी त्यांचा आवाज ऐकला. "मी जाते," त्या म्हणाल्या. "मी नेसलेलीच हाय."

आणि त्या खरोखर उठून चालू लागल्या. पाटलांच्या चेहऱ्यावर जे झाले ते बघण्यासारखे होते. चित्ता दिसला नाही तर हरकत नव्हती. पण बायकोला दिसला आणि आपल्याला नाही, हे त्यांना जन्मभर सोसवणारे नव्हते. त्यांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले. दमणीवाल्याला बैलांना पाणी पाजायला नाल्यावर पिटाळले. मग हळूच म्हणाले, "आना."

माझी दोन जुनी लुगडी वावरातल्या खोपटात होती. एक पाटलांना, एक ह्यांना. धोतरावरूनच गुंडाळली. ह्यांना ते फार आवडले, दोन पावले ठुमकून दाखवली, मी डोळे वटारले तेव्हा थांबले. पाटलांना लुगडे पोटरीपर्यंतच पुरले, आणि पागोटे काढायला ते तयार होईनात. परक्या गावात बोडक्या डोक्याने फिरायचे म्हणजे इज्जत उतरवून ठेवायची. तेव्हा पागोट्यावरूनच पदर घेतला. डोक्यावर पाण्याची घागर घेऊन वाकलेली, मिशा असलेली बाई दिसू लागली. पाटलीणबाईंनी तोंडात पदर कोंबला, पण त्यांचे खांदे गदगदत होते.

आम्ही ओळीत शिरलो. कडेला माझी लेक वेचत होती, तिच्या शेजारी पाटील, मग पाटलीणबाई, मी आणि शेवटी हे. ऊन कलायला लागले होते. बोंडांवर ते तिरपे पडून सारे वावर लखलखत होते. आम्ही वेचत वेचत माळाकडच्या धुऱ्याकडे सरकत होतो, आणि हळूहळू रान आमच्याभोवती परत भरून येऊ लागले. आधी एक रोही नाल्यातून वर आला, निळसर, घोड्याएवढा. मग करकोचे उतरले, राखी झगा घातल्यासारखे, पाय मोजून टाकत. टेकाडाच्या उतारावर माळढोक मान ताठ करून चालला होता, गावच्या कोतवालासारखा. आणि हरणे तर इतकी जवळ की त्यांच्या दातांखाली गवत तुटल्याचा आवाज येत होता. एक काळवीट, पाठ काजळासारखी आणि पोट पांढरे, पिळाची शिंगे पाठीवर टेकवून माद्यांभोवती मिरवत होता. मी ही जनावरे जन्मभर पाहिली, पण काम करता करता, डोळ्याच्या कोपऱ्यातून. त्या दिवशी पहिल्यांदा बघण्यासाठी बघितली, आणि माझ्या वावराचा मला असा अभिमान वाटला की छाती भरून आली.

पाटलांना मात्र राहवेना. प्रत्येक जनावर दिसले की बोलत. "अबे, केवढा रोही! तो पाहा, तो पाहा काळवीट! आमच्याकडं याच्याहून..." आणि बोलता बोलता ताठ उभे राहत. कळपातल्या दोन माद्यांनी माना वर केल्या. काळविटाने फुरफुर केले.

"वाका ना!" माझ्या लेकीचा आवाज आला. "अन् डोक्श्यावरचं ते उतरवा. हरनं त्यालेच भिऊन राह्यले."

पदराखालून पोरीचे तोंड दिसत नव्हते, पण जीभ ऐकू येत होती, आणि ती अगदी बापाची होती. पाटील तिच्याकडे बघतच राहिले. मजुरीवरची पोर असावी असे त्यांना वाटले असणार. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडले.

"चूप!" ती म्हणाली. "चूप ऱ्हा जरा. तिकडं पाहा."

पाटील चूप झाले. एवढेच नाही, त्यांनी मुकाट्याने पागोटे उतरवले, कापसाच्या ओटीत खोचले, आणि कमरेत वाकले.

लेक जिकडे बघत होती तिकडे मला आधी काहीच दिसेना. वाळलेले पिवळे गवत, दोन बोरीची झुडपे. मग गवताचाच एक तुकडा पुढे सरकला. लहान गोल डोके, डोळ्यांपासून ओठांपर्यंत उतरलेल्या दोन काळ्या रेघा, काजळ ओघळलेल्या पोरासारख्या. बिबट मी पाहिला होता, तो आखूड पायांचा, भरल्या अंगाचा. हे वेगळे होते. उंच पाय, बारीक कंबर, अंगावर काळे ठिपके. एक पाऊल टाकी आणि थांबे. आमच्याकडे एकदा पाहिले. वेचणाऱ्या बाया. त्याने आम्हाला खिजगणतीतही धरले नाही.

माझ्या शेजारी हे इतके स्तब्ध झाले होते की मला वाटले ह्यांना काही झाले. त्यांच्या मुठीतला कापूस खाली गळत होता.

आणि चित्ता सुटला. धावला म्हणण्यात काही अर्थ नाही, धावतो तो बैल. त्याचे अंग गोळा होई आणि लांबे, गोळा होई आणि लांबे, आणि पाय जमिनीला लागतात की नाही ते कळेना. हरणे उभ्याच्या उभी उसळली, कळप फुटला, करकोचे ओरडत उठले. एक मादी कळपातून वेगळी पडली आणि आमच्याच धुऱ्याच्या दिशेने आली. ती वळली, तो वळला, शेपूट एका अंगाला ताठ टाकून. धुऱ्याच्या अलीकडे धुळीचा लोट उठला, आणि धूळ बसली तेव्हा हरीण खाली होते आणि चित्त्याचे तोंड तिच्या गळ्यावर होते. सगळे एका दमात. मी श्वास घेतला तो त्यानंतर.

तो बसून धापा टाकत राहिला. त्याच्या बरगड्या भात्यासारख्या वरखाली होत होत्या. आम्ही पाच जणी, म्हणजे तीन बाया आणि दोन पुरुष, पऱ्हाटीत वाकून त्याच्याकडे बघत होतो. मग त्याने हरीण मानेला धरून बोरीच्या आड ओढत नेले.

पाटील धुऱ्यावर मटकन बसले. डोके बोडके, मिशा धुळीने पांढऱ्या, लुगडे गुडघ्यावर. "पायला!" ते म्हणाले. "पायला रे बाप्पा! माह्या डोयानं पायला!" ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते. उठले आणि ह्यांना त्यांनी कडकडून मिठी मारली. लुगडी नेसलेले दोन पुरुष एकमेकांच्या गळ्यात पडलेले बघून पलीकडच्या ओळीतल्या बाया कापूस टाकून जमिनीवर बसल्या, हसून हसून त्यांना उभे राहवेना. माझ्या मनातले दोन महिन्यांचे दडपण एकदम उतरले. मला ओरडावेसे वाटले. मी ओरडलेही असेन.

मग पाटलांनी डोळे पुसले, आणि त्यांना आठवले. "ते पोट्टी कोन होती?" त्यांनी विचारले. आवाज पुन्हा हुकमाचा झाला होता. "मले चूप म्हने. कोनाची हाय?"

बाया हसायच्या थांबल्या. लेक पदर ओढून मातीकडे बघत उभी होती. आता थाप मारायची सोय नव्हती, मारली असती तरी आज ना उद्या उघडी पडली असती. चित्ता दिसला आणि लग्न पोरीच्या जिभेने मोडले, असे होणार हे मला समोर दिसू लागले. हे पुढे झाले, मी त्यांचा हात धरून मागे ओढले. आज त्यांचे बोलणे पुरे होते.

"माही हाय," मी सरळ पाटलांकडे बघून म्हटले. रीत गेली चुलीत. "हेच ते पोरगी. तोंडानं तिखट हाय. खोटं नाई सांगत."

पाटील काही बोलायच्या आत पाटलीणबाई हसल्या. पदर न घेता, मोकळ्या तोंडाने. "बाई, आमच्या घरी यायले आजवर कोनी चूप म्हटलं नाई," त्या म्हणाल्या. "यायच्या मायनंबी नाई म्हटलं. हिनं म्हटलं, अन् हे चूप बसले. तुमचा चित्ता नसता दिसला तरी मले हेच सून पाहिजे होती."

पाटलांनी बायकोकडे पाहिले. मला वाटले आता भडकतील. त्यांनी ओटीतून पागोटे काढले, त्याला लागलेला कापूस झटकला आणि डोक्यावर ठेवता ठेवता ह्यांना म्हणाले, "इवाई, सुपारी आना."

'पाटील' म्हणणारा माणूस 'इवाई' म्हणाला. त्या एका शब्दासाठी मी दोन वर्षे तुळशीला पाणी घालत होते. सुपारी धुऱ्यावरच, दगडाने फोडली. वाजंत्रीवाले खोपटामागे झोपले होते, त्यांना उठवले, आणि आता काय वाजवायचे ते वाजवा म्हणून सांगितले. शिंगवाल्याने पुन्हा जीव लावून फुंकले. या खेपेला मी त्याला काही म्हटले नाही. पलीकडच्या ओळीतल्या बायांनी लेकीला मध्ये घेऊन फेर धरला, आणि पाटलीणबाई स्वतःहून त्यात शिरल्या.

उन्हे उतरली. पाहुणे गावाकडे निघाले, दमणीत पाटील मागून चालणाऱ्या वाजंत्रीवाल्यांना हातवारे करून सांगत होते. मी आणि हे खोपटात लुगड्यांच्या घड्या घालायला मागे राहिलो. हे पाटलांनी सोडलेल्या लुगड्याचे एक टोक हातात धरून नुसते उभे.

"तुले एक सांगू?" ते हळू आवाजात म्हणाले. "म्या चित्ता आजच पायला."

मला आधी कळलेच नाही. "अन् ते तीनदा?"

"बाप सांगत होता माहा. लहानपनी. त्यानं पायला होता म्हने." लुगड्याचे टोक चाळवत ते म्हणाले, "का त्यालेबी त्याच्या बापानंच सांगितलं, ते देव जाने. दोन महिने रोज पाहाटी गेलो, म्हटलं एकडाव तरी दिसन. खार नाई दिसली."

मी कापसाच्या ढिगावर बसले. या माणसाने माझ्या लेकीचे सगळे आयुष्य एका ऐकीव चित्त्यावर पणाला लावले होते, आणि चित्ता आला होता. मला ह्यांना बडवावेसे वाटले. दोन्ही सोयरिकी, बैल, विहीर, सगळे एकदम डोक्यात आले. मग मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. पन्नाशीचा माणूस, कमरेला अजून माझे लुगडे, आणि डोळे असे चमकत होते जसे पहिल्यांदा जत्रा पाहिलेल्या पोराचे. त्यांनी आज खरोखर पाहिला होता. बापाने सांगितलेले खरे निघाले होते. मला हसू फुटले. मी इतकी हसले की पोटात दुखायला लागले, आणि हेही हसू लागले.

बाहेर पाटलांच्या दमणीतून हाक आली, की इवाई कुठी राहिले?

"आलो!" मी ओरडले. ह्यांच्या कमरेचे लुगडे ओढून काढले, त्यांना पुढे ढकलले आणि म्हटले, "चला. अन् वाटेनं तोंड उघडाचं नाई. आज त्यायले सांगू द्या."